आई दिसती का गं, आक्का?

मिलिंदा, यंदा कुंदा उरला.

खंडेनवमीच्या संध्याकाळी खडेबाजारातल्या आपल्या नेहमीच्या दुकानात गेले, नेहमीसारखा खव्याचा ताजा कुंदा बांधून घेतला, पिशवी मनगटात अडकवून रस्ता ओलांडायला लागले आणि मधोमध आल्यावर ध्यानात आलं, की हा खाणारा तू आता नाहीस. तिथंच उभी राहिले. मागचा रिक्षावाला कन्नडात जे काही बोलला ते तुला सांगण्यासारखं नाही. दुकानात परत गेले नाही. ताजा बांधून दिलेला कुंदा परत घ्या म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? तो डबा घेऊनच दसऱ्याच्या सकाळी सेंटरवर आले, आणि त्या दिवशी त्या डब्यानंच मला वाचवलं. ते पुढं सांगते. मी एका गोष्टीला फार पाल्हाळ लावते असं तू म्हणायचास आणि घड्याळाकडं बघायचास. आता ऐकून घे. आता तुला निपाणीची शेवटची बस गाठायची नाही.

तू कसा गेलास ते मी लिहिणार नाही. निपाणीच्या स्टँडवर बेळगावच्या बसची वाट बघत बाकावर बसलास तो उठलाच नाहीस, एवढं सगळ्यांना माहीत आहे. माझ्याआधी ते सगळ्यांना माहीत झालं, याचाच मला राग आहे. मी काउंटरवर होते, तू यायला उशीर का करतोयस म्हणून मनातल्या मनात तुला शिव्या घालत होते. म्हणजे तुझ्या शेवटच्या क्षणीही मी तुझ्याशी भांडतच होते. आपल्याला तेच शोभतं म्हणा.

आपली ओळख प्लायवूडच्या एका भिंतीतून झाली. भिंतीच्या पुढं माझा काउंटर, पेशंटांची नावं घालून घ्यायचा. मागं ती थंडगार खोली, जिच्यात आमच्या स्कॅन सेंटरचा सर्व्हर होता आणि ठरल्या दिवशी तो सांभाळायला आलेला तू असायचास. पहिल्या दिवशी तू आईंना बरोबर घेऊन आला होतास. त्यांचा खोकला जुना, सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं. इथं आलोच आहोत तर छातीचा फोटो काढून घेऊ म्हणालास. आमच्या एक्सरेवाल्या महादेवीनं तो काढला. सर्व्हरच्या नव्या मशिनात साठवलेलं पहिलं चित्र तेच. जरा वेळानं भिंतीपलीकडून तुझा आवाज आला, “बाई, आई दिसती का वो?” मी उठून बाहेर व्हरांड्यात बघून आले आणि ओरडून सांगितलं, “दिसतीय की! बाकावर बसलीय, शेंगा खातीय!” तू पोट धरून हसत बाहेर आलास. “आवो, पडद्यावर. तुमच्या पडद्यावर.” एवढं हसल्यावर तुझं ‘आवो’ आणि ‘तुमच्या’ टिकायचं कसं? त्याच दिवशी मी तुझी शोभाक्का झाले.

तेव्हापासून मशीन कधीही बंद करून चालू केलं, की आईंचा फोटो उघडून बघायचा, हीच तुझी परीक्षा. आतून तू विचारायचास, “आई दिसती का गं?” आणि मी पुढून ओरडायची, “दिसती रं बाबा, दिसती!” रांगेतले पेशंट एकमेकांकडं बघायचे. चिकोडीकडच्या एका म्हाताऱ्यानं तर मला हळूच विचारलं होतं, आत कुणाला समाधी लागलीय का म्हणून.

तुझं ते काळ्या पडद्यावरचं काम मला शिकवायचा तू किती प्रयत्न केलास! मी म्हणायची, मला नको, माझा काउंटर बरा. तरी तू चहा पिता पिता सांगायचासच. डिस्कमध्ये सगळ्यांची चित्रं आहेत, पण मशीन त्या डिस्कशी थेट बोलत नाही. मधे एक कार्ड आहे, स्टोरेज कंट्रोलर. आणि त्या कार्डाची भाषा लिनक्सला, म्हणजे मशीन ज्याच्यावर चालतं त्याला, कळायला ड्रायव्हर लागतो.

“तुझी सासू अन् ही महादेवी, दोघींना एका खोलीत बसीव,” तू म्हणालास. “सासूला कन्नड येत न्हाय, महादेवीला तुमचं सांबऱ्याचं मराठी झेपत न्हाय. मग मधी कोण लागतंय?”

“मी.”

“मग तू ड्रायव्हर.”

मला त्याचा उगाच अभिमान वाटला होता. घरी जाऊन सासूबाईंना सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, आधी भाकरी बडव.

अडचण एवढीच होती, की त्या कार्डाच्या कंपनीनं ड्रायव्हर देणं केव्हाच बंद केलं होतं. लिनक्सचा गाभा, ज्याला तू कर्नल म्हणायचास, नवा आला की जुना ड्रायव्हर त्याला चालायचा नाही. मग तू तुझ्याकडं जपून ठेवलेल्या मूळ प्रोग्रामचं गाठोडं उघडायचास आणि नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर नव्यानं घडवून बसवायचास. दुसरं कार्ड घालू या का, असं सेंटरच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं होतं. तू म्हणालास, कार्ड चांगलं आहे, फक्त पोरकं आहे.

आणि हे सगळं वर्षातून एकदाच, दसऱ्याला. कारण आमचं सेंटर खंडेनवमीला बंद. त्या दिवशी सगळी मशिनं थांबवायची, पुसायची, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, वर कोहळा. वर्षभर अहोरात्र चालणारा सर्व्हर त्या एका दिवशी झोपायचा. तुला ते पटायचं नाही. “त्याला नारळ नगो, ड्रायव्हर पायजे,” म्हणायचास. पण माझ्या पूजेत कधी आडवा आला नाहीस. फक्त एक अट घातलीस: कुंकू दाराला लावायचं, आत नाही, पंख्यात गेलं तर कार्ड बसेल. मी दाराला लावायची. माझी आरती होईपर्यंत तू धूळ उडवायचा ब्लोअर बंदुकीसारखा छातीशी धरून बाहेर उभा असायचास. मी म्हणायची, अरे मग ते ड्रायव्हरचं आदल्या दिवशीच का करून टाकत नाहीस, दसऱ्याच्या सकाळी कशाला धावाधाव? तर म्हणायचास, “खंडेनवमीला मशीन तुझं. दसऱ्याला माझं. वाटणी झालीय.”

दसरा तर तुझाही मोठा सण. धम्मचक्राचा दिवस. पांढराशुभ्र शर्ट घालून तू पहाटेच्या बसनं निपाणीहून यायचास, मशीन सुरू करायचास आणि परत निपाणीच्या कार्यक्रमाला पळायचास. मी आपट्याचं पान तुझ्या हातावर ठेवायची. तू ‘जय भीम, आक्का’ म्हणून ते वरच्या खिशात घालायचास. मी एकदा चिडवलं, “तिकडं लोक विचारतील रं, हे काय म्हणून.” तू म्हणालास, “विचारू देत. आक्कानं दिलंय म्हणीन. त्यात काय?” पांढऱ्या खिशातून डोकावणारं ते हिरवं पान मला अजून दिसतं. मिलिंदा, माणसं किती मोठमोठी भाषणं करतात. तू नुसता खिसा उघडायचास.

आपला खरा वाद मात्र पूजेचा नव्हताच. मी कुठं तरी वाचलं होतं, की प्रत्येक नव्या कर्नलला आपोआप ड्रायव्हर बनवून घ्यायची सोय लिनक्समध्ये असते. एकदा लावून दिली की झालं. मी म्हटलं, ते लावून टाक. तू मान हलवलीस.

“आपोआप व्हायला लागलं की माणूस इसरतंय, आक्का. अन् एक दिवस ते आपोआप बिघडलं, की कुणालाच काय ठावं नसतंय.”

“आणि उद्या तूच नसलास तर? आम्ही काय करायचं?”

“नसतो म्हंजे? जातो कुठं मी? लई तर चिकोडीला.”

तो वाद दर खेपेला असाच चहात बुडायचा. मी हट्टी, तू माझ्याहून हट्टी. तुझं म्हणणं, हातानं केलेलं हातात राहतं. माझं म्हणणं, एका माणसाच्या हातावर एवढ्या लोकांच्या छात्या टांगून ठेवू नयेत. गेल्या गणपतीतही आपण त्यावरून कडाकडा भांडलो आणि मग मोदक खाल्ले.

तू गेल्यावर डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांचे डोळे सुजलेले होते, हे आधी सांगते, नाही तर तुला वाटेल त्या लगेच कामाचंच बोलायला लागल्या. म्हणाल्या, “शोभा, तो नवा कर्नल उतरवून ठेवून गेलाय, दसऱ्यासाठी. जुन्यावर मी पेशंटांची चित्रं ठेवणार नाही. तोच म्हणायचा ना, जुना कर्नल म्हणजे चोरांना उघडं दार. दसऱ्याला मशीन नव्यावर सुरू झालं तर राहू दे. नाही तर सगळं बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू. ते अलीकडची चित्रं नेतील. जुनी या डिस्कवर राहतील, कपाटात.”

कपाटात म्हणजे कुठं, हे तुला आणि मला कळतं. मला ती मंगसुळीकडची बाई आठवली. छातीत डाग दिसतोय म्हटल्यावर तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मग मी तिचं जुनं चित्र शोधून काढलं. तोच डाग, तिथंच, तेवढाच. कधीकाळी भरून आलेली जखम. मॅडमनी दोन्ही चित्रं शेजारी लावून दाखवली तेव्हा ती बाई हसली आणि तिनं पदरानं आमच्या पडद्याची काच पुसली. तू भिंतीमागून सगळं ऐकत होतास. बाहेर येऊन एवढंच म्हणालास, “जुनं चित्र फेकायचं नसतंय.” आणि त्या सगळ्या जुन्या चित्रांत पहिलं तुझ्या आईंचं. मी मॅडमना म्हटलं, मी करते. त्या म्हणाल्या, तू? मलाही मनात तेच वाटलं, पण मी मान डोलावली.

खंडेनवमीला मीच मशीन बंद केलं. दाराला कुंकू लावलं. बाहेर कुणी ब्लोअर धरून उभं नव्हतं, तर आरती मला म्हणवेना. घंटा खाली ठेवली.

दसऱ्याच्या सकाळी महादेवी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन आली. आम्ही आपटा देतो, ती बन्नी देते, दोन्हीला सोनंच म्हणायचं. तिला मी माझ्या काउंटरवर बसवलं आणि स्वतः भिंतीच्या पलीकडं गेले. तुझ्या खुर्चीवर बसले तर पाय जमिनीला लागेनात. तू ताडमाड, तुझ्या मापानं ती वर केलेली. खाली करायचा दांडा हाताला लागला होता, तरी नाही केली. तशीच लटकत बसले.

समोर काळा पडदा. आणि मला काय येत होतं सांगू? काहीच येत नव्हतं. म्हणजे, मला वाटत होतं की काहीच येत नाही. मागच्या कमांड दाखवायची सोय असते ती चालवून बघितली. तुझ्या वर्षभराच्या कामाखाली गेल्या दसऱ्याच्या ओळी केव्हाच वाहून गेल्या होत्या. अशा वेळी मी तुला फोन करायची. हात मोबाइलकडं गेलाही.

मग मी डोळे मिटले, आणि तू बोलायला लागलास.

घाबरू नकोस, मला काही दृष्टान्त वगैरे झाला नाही. तू दर दसऱ्याला एवढा बडबडायचास, की ती बडबड माझ्या कानात घर करून बसली होती. सुरुवातीच्या वर्षांत तू मुकाट्यानं काम करायचास. पुढं केव्हा तरी तुला हे बोलायचं खूळ लागलं. मला वाटलं, चाळिशी आली, माणूस स्वतःशी बोलायला लागतंच. मी भिंतीवर थाप मारून म्हणायची, “हळू बोल रं, पेशंटास्नी वाटंल आत भांडण लागलंय!” तू त्यावर आणखी मोठ्यानं बोलायचास.

“पयल्यांदा जुन्या कर्नलवर चढायचं. नव्यावर एकदम उडी मारायची न्हाय. सुरू होतानाच यादी येती, तिथं जुना निवडायचा.” मी निवडला. मशीन जुन्यावर व्यवस्थित उठलं.

“आता नव्याची हेडर, म्हंजे त्याची मापं, हायत का बघू या. व्हय, हायत.” होती. तूच ठेवून गेला होतास.

“आपलं गाठोडं कुठं हाय? यूएसआरमधी, एसआरसीमधी… गावलं.” मला गावलं.

“आधी गेल्या वर्षीचा कचरा काढायचा. मेक क्लीन. मग नव्या कर्नलचं नाव नीट द्यायचं, न्हायतर पोरासाठी शिवलेला सदरा बापाला घालून बसशील.” मी नाव अक्षर अक्षर जुळवून घातलं. पडद्यावरून ओळी धावायला लागल्या, वॉर्निंग, वॉर्निंग, वॉर्निंग. “कुरकुर करतंय, करू दे. वॉर्निंग म्हंजे कुरकुर. एरर म्हणलं तरच थांबायचं.” एरर आली नाही. “मेक इन्स्टॉल. म्हंजे जागेवर बसीवला. आता डेपमॉड. म्हंजे यादीत नाव घातलं.”

मी नाव घातलं. पुढचं ऐकायला कान लावला. पुढं तू म्हणायचास, “हां, मार आता रिस्टार्ट!” मी मारला.

आणि मशीन नव्या कर्नलवर गेलं आणि मेलं. घरची डिस्कच सापडत नाही म्हणालं. काळ्या पडद्याच्या तळाशी एक शब्द आणि लुकलुकणारी रेघ. पुन्हा जुन्यावर चढले, पुन्हा सगळं तुझ्या आवाजात पहिल्यापासून केलं, पुन्हा रिस्टार्ट. पुन्हा तेच. तेव्हा मी तुला मोठ्यानं शिवी दिली. महादेवी धावत आली.

तिला त्या पडद्यातलं काही कळत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडं बघून कळलं. तिनं कुंद्याचा डबा उघडून कीबोर्डशेजारी ठेवला. “आक्का, थोडं खावा की. सकाळपास्नं पोटात काय न्हाय.” मी रागारागानं एक मोठा तुकडा तोंडात कोंबला. तिनं विचारलं, आता काय करायचं? मला उत्तर देता येईना. तोंड भरलेलं.

आणि मिलिंदा, मी तशीच थांबले. चावायचीसुद्धा थांबले.

कारण दर वर्षी ‘यादीत नाव घातलं’ ऐकलं, की काम होत आलं असं समजून मी डबा घेऊन आत यायची. तू डाव्या हातानं कुंदा तोंडात टाकायचास आणि उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करत राहायचास. मी ओरडायची, “कीबोर्डला तूप लावू नगंस!” मग तू गिळायचास, बोट शर्टाला नाही तर रुमालाला पुसायचास, आणि मगच ‘मार रिस्टार्ट’ म्हणायचास. मधे एक काम होतं. ते तू मला कधी ऐकवलंच नाहीस, कारण तुझ्या तोंडात माझा कुंदा होता!

हसूही आलं आणि रडूही आलं, आणि कुंद्याचा घास तोंडात असताना दोन्ही करणं फार कठीण असतं.

काय काम असेल ते? पडद्यावरच्या त्या एका शब्दाकडं बघितलं: इनिटरामएफएस. हा शब्द मी डबा ठेवताना तुझ्या पडद्यावर पाहिला होता. आणि मग चहाच्या वेळची तुझी एक गोष्ट आठवली, जी मी अर्ध्या कानानं ऐकली होती. कर्नल उठतो तेव्हा त्याच्या हातात फक्त एक लहानशी शिदोरी असते, घरात पाय ठेवेपर्यंत लागेल तेवढंच त्यात. मी काय केलं होतं? ड्रायव्हर घरात नेऊन ठेवला होता. आणि कर्नल बाहेर दारात उभा. त्याला घरात शिरायलाच ड्रायव्हर हवा, आणि तो ड्रायव्हर घरात. शिदोरीत घातलाच नव्हता.

पुन्हा जुन्यावर चढले. शिदोरी नव्यानं बांधायची कमांड काय ते माहीत नव्हतं. “अडलीस की टॅब दाब,” हे मात्र तू मला पुष्कळदा सांगितलेलं. ‘अपडेट’ एवढंच लिहून टॅब दाबली. मशीननं नावांची रांग दाखवली आणि रांगेत तो शब्द होता. नव्या कर्नलची शिदोरी बांधली. या वेळी ‘मार रिस्टार्ट’ मीच म्हटलं.

ते सुरू होईपर्यंत मी पडद्याकडं बघितलं नाही. तुझ्या जुन्या मफलरकडं बघत बसले, खुंटीवरच्या. पंखे फिरायचा आवाज मोठा झाला, मग हळू झाला. मग माझ्या तोंडून, माझ्या नकळत, तुझ्याच हेलात निघालं, “आई दिसती का गं?”

महादेवीला ही रीत ठाऊक होती, पण आज हे तिनं म्हणायचं आहे, हे तिला कळायला वेळ लागला. आणि मग ती तिच्या भाषेत ओरडली, “काणतैति आक्का! काणतैति!” दिसतंय. आक्का, दिसतंय.

मी पुढं जाऊन बघितलं. आईंच्या फासळ्या, तो वरच्या कोपऱ्यातला जुना धुकट पट्टा, वखारीनं दिलेला. सगळं जागच्या जागी. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, राहू दे मग मशीन.

दुसऱ्या दिवशी उरलेला कुंदा घेऊन मी निपाणीला गेले. घरातल्या तुझ्या खुर्चीत अजून कुणी बसत नाही, मलाही बसू दिलं नाही. आई खाली माझ्याजवळ बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावून, तुझ्या आवाजाची नक्कल करून. तुझी सुजाता चहा टाकता टाकता दारात येऊन ऐकत होती. मी म्हटलं, “आई, तुमच्या लेकाच्या बडबडीनं वाचवलं बघा. इतका बोलायचा, इतका बोलायचा काम करताना, की माझे कान किटायचे.”

आई माझ्याकडं बघत राहिल्या. “कोण? मिलिंद?”

“व्हय की.”

“न्हाय गं बाई. त्यो कामाला बसला की मुका. ल्हानपणापास्नं तसाच. अभ्यासाला बसला की ओठ शिवल्यागत. हाका मारून मारून मी दमायची.”

मी सुजाताकडं बघितलं. ती म्हणाली, “व्हय आक्का. रात रात मशीन घेऊन बसायचे, पर तोंडातनं शबूद न्हाय. जेवायला बोलावलं तरी नुसता हात हलवायचे.”

मी चहा घेतला. काय बोलले मग, ते आठवत नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून आठवत राहिले, की तुझं ते बोलायचं खूळ नक्की सुरू झालं केव्हा. मी ‘उद्या तू नसलास तर?’ असं पहिल्यांदा विचारलं, त्याच्या पुढच्या दसऱ्याला. त्याच्या आधी नाही. मी शिकायला नको म्हणत होते, म्हणून तू भिंतीला शिकवत होतास. आणि मी भिंतीवर थापा मारत होते!

अरे, सांगायचं तरी होतंस. पण सांगितलं असतंस तर मी कानात कापूस घातला असता, हे तुला माहीत होतं. तू मला पुरतं ओळखत होतास. मला ओळखणारं ते एक माणूस आता कमी झालं, आणि त्याचं दुःख मला अशा वेळी होतं, की समोर पेशंट उभा असतो आणि त्याचं नाव तीनदा विचारावं लागतं. तुझे उपकार मानायचे तर ते तुला आवडणार नाही. तरी मानते. आता तुला अडवता येत नाही.

राहिला आपला वाद. ते आपोआपचं मी अजून लावलेलं नाही. आता ते लावायला मला कुणी आडवं येणार नाही, आणि म्हणूनच हात होत नाही. तू गप्प असताना जिंकण्यात काय मजा? पण एका माणसावर टांगून ठेवू नये, हे माझं म्हणणंही मी सोडलेलं नाही. तेव्हा पुढच्या दसऱ्याचं मी असं ठरवलंय. महादेवी काउंटरवर बसेल. तिला मी शिकतेस का म्हणून विचारलं होतं. ती म्हणाली, मला नको, माझं एक्सरे मशीन बरं. ठीक आहे. मी आत बसेन, तुझ्या उंच खुर्चीवर, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं मोठ्यानं बोलेन. ती भिंतीवर थापा मारेल. मारू दे.

आणि कुंदा शिदोरी बांधून झाल्यावर खाईन.